स्लेयरची एकच रेकॉर्ड घ्यायचीय? मग ह्या तिघांतली कुठली

मावसभावाने पहिल्या पगारातून टर्नटेबल घेतला आणि लगेच मेसेज, दादा स्लेयरची (अमेरिकन थ्रॅश बँड, म्हणजे सुसाट स्पीडचं मेटल) एकच रेकॉर्ड परवडेल, कुठली घेऊ. मी म्हटलं रात्री सांगतो, आणि मग लिहायला बसलो तर हे एवढं झालं. त्याला एकट्याला पाठवण्यापेक्षा इथेच टाकतो, अजून कोणी त्याच खड्ड्यात असेल तर त्यालाही कामाला येईल.

आधी मैदान छोटं करू. 1983 चा पहिला अल्बम शो नो मर्सी गोड आहे, पोरांनी पदरमोड करून केलेला (गाणारा टॉम अराया तेव्हा हॉस्पिटलात रेस्पिरेटरी थेरपिस्टची नोकरी करायचा, त्याची बचत ह्यात गेली), पण आवाज डब्यातला आहे. पुढची हेल अवेट्स सगळ्यात अंधारी आहे आणि मला फार आवडते, पण पहिली म्हणून नको. 1992 ला ड्रमर डेव्ह लोंबार्डो गेला, त्यानंतरच्यांत चांगली गाणी आहेत, अख्खा अल्बम म्हणून हट्ट धरावा असं काही नाही. उरल्या तीन. 1986 ची रेन इन ब्लड, 1988 ची साऊथ ऑफ हेवन, 1990 ची सीझन्स इन द अबिस. तिन्हींत तीच चौकडी, अराया, गिटारवर केरी किंग आणि जेफ हॅनेमन, ड्रमवर लोंबार्डो. तिन्हींच्या मागे प्रोड्युसर रिक रुबिन, तिन्ही कव्हरं लॅरी कॅरोलची. म्हणजे घर एकच, मूड तीन, त्यामुळे तुलना करायला मजा येते.

कुठलाही मेटलहेड डोळे मिटून रेन इन ब्लड सांगणार. 29 मिनिटांपेक्षा दोन सेकंद कमी, दहा गाणी. त्याच वर्षी मेटालिकाच्या मास्टर ऑफ पपेट्सला आठ गाण्यांत 54 मिनिटं लागली होती, त्यावरून अंदाज घ्या. मी ही अख्खी ठाणे ते दादर फास्ट लोकलमध्ये ऐकायचो, गाडी वेळेवर असली तर शेवटचा पाऊस (अल्बम पावसाच्या आवाजावर संपतो) प्लॅटफॉर्मवर पडायचा. रुबिन तेव्हा हिपहॉपवाला, एलएल कूल जे, बीस्टी बॉईज वगैरे, आणि त्याने काय केलं तर हेल अवेट्समधला सगळा घुमारा, तो रिव्हर्ब, काढून टाकला. त्यामुळे गिटार आणि ड्रम एकदम तोंडासमोर येतात, कोरडे. एवढ्या स्पीडला घुमारा ठेवला असता तर नुसता चिखल झाला असता. आजही आवाज जुना वाटत नाही तो ह्यामुळेच.

पहिल्याच गाण्यातली, एंजल ऑफ डेथमधली ती जागा ऐका. गाणं सुसाट चाललंय, सोलोंची मारामारी उरकते आणि अचानक सगळे गप्प. फक्त लोंबार्डोचे दोन पाय, डबल बास (दोन्ही पायांनी बास ड्रम), दोनेक सेकंद, बस. मग सगळे परत तुटून पडतात. मी शाळेत असताना मित्राच्या घरी ही जागा पहिल्यांदा ऐकली, टेप मागे घेऊन घेऊन, आणि त्याच्या आजीने विचारलं मशीन बिघडलं का रे. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा.

पण. चार मिनिटांच्या वरची गाणी इथे दोनच, पहिलं आणि शेवटचं. मधली आठ नवीन कानाला एकच लांब गाणं वाटतात, नेक्रोफोबिक तर दोन मिनिटंही नाही. मला ती वेगवेगळी ओळखायला वर्ष लागलं असेल. आणि विनाइलवर अजून एक भानगड, पंधराव्या मिनिटाला उठून बाजू बदलायची. जुन्या कॅसेटवर हा अल्बम एवढा छोटा पडला की दोन्ही बाजूंना अख्खा भरला होता, पलटली की परत पहिल्यापासून, ते खरं ह्याला शोभायचं.

विषयाचंही आत्ताच सांगतो, नंतर तोंड वाकडं नको. एंजल ऑफ डेथ हे आउशवित्झ छळछावणीतल्या नाझी डॉक्टर मेंगेलेबद्दल आहे, सगळं तपशीलवार. ह्याच गाण्यामुळे कोलंबिया ह्या रेकॉर्ड कंपनीने अल्बम बाजारात आणायला नकार दिला आणि शेवटी गेफनने आणला. बँडवर नाझी असल्याचा आरोप झाला, त्यांनी कायम नाकारला, हॅनेमन म्हणायचा की मेंगेले वाईट होता हे मी लिहून कशाला सांगू, ते उघडच आहे. मला त्याचं म्हणणं पटतं, पण तो नाझी मेडल्स जमवायचा हेही खरं, आणि ते मला कधीच पचलं नाही. हे ज्याचं त्याने ठरवावं.

आता साऊथ ऑफ हेवन. रेन इन ब्लडपेक्षा फास्ट जाणं शक्यच नव्हतं, मग हे लोक मुद्दाम स्लो झाले. ठरवून. त्या काळी थ्रॅशवाल्याने स्लो होणं म्हणजे गद्दारी, पब्लिकने नाकं मुरडलीच. पण टायटल ट्रॅकचा तो पहिला रिफ (परत परत येणारी गिटारची ओळ) बघा, चढत नाही, उतरत नाही, नुसता भोवती फिरत राहतो, जसं बंद खोलीत कोणीतरी येरझारा घालतंय, आणि ड्रम हळूहळू येतात. भीती स्पीडमध्ये नसते हे मला ह्या रिफने शिकवलं. अराया इथे ओरडायचं कमी करून जरा गातो, शब्द कळतात. मँडेटरी स्युसाइड गाण्याच्या शेवटी तर तो गातच नाही, रिफ चालू आहे आणि हा बाजूला बसून रणांगणावर मरणाऱ्याचं नुसतं बोलतोय. अंगावर काटा येतो राव.

दोष आहेत. केरी किंग तेव्हा नुकतं लग्न करून दुसऱ्या शहरात गेलेला, बहुतेक संगीत हॅनेमनचंच, आणि किंगला हा अल्बम स्वतःला फारसा आवडत नाही, त्यातल्या क्लीन्झ द सोल गाण्याचं तर नाव काढलं तरी चिडतो. दुसरी बाजू मधे जरा ढिली पडते हे मलाही मान्य. जुडास प्रीस्ट बँडचं डिसिडंट अॅग्रेसर गाणं घेतलंय ते बरं आहे, नसतं तरी चाललं असतं. पण शेवटचं स्पिल द ब्लड क्लीन गिटारवर सुरू होतं आणि सगळं माफ.

सीझन्सबद्दल फार लिहावं लागत नाही कारण ही दोघींची बेरीज आहे. वॉर एन्सेंबल ऐकलं की रेन इन ब्लडवाले खूश, एक्स्पेंडेबल यूथ आणि स्केलेटन्स ऑफ सोसायटी मिड टेंपो, डेड स्किन मास्क सावकाश सरपटत येतं. ते एड गीनवर आहे, प्रेतं उकरणारा विस्कॉन्सिनचा खुनी, आणि शेवटी लहान पोरासारखा आवाज ‘मिस्टर गीन’ म्हणून हाका मारतो, तो रात्री हेडफोनवर एकट्याने ऐकू नका. टायटल ट्रॅक साडेसहा मिनिटांचा, त्याचा व्हिडिओ इजिप्तमध्ये पिरॅमिडसमोर शूट केलाय. 42 मिनिटं, प्रत्येक गाण्याचा चेहरा वेगळा, साउंड तिघांत सगळ्यात भरलेला. माझी तक्रार एवढीच की इथे धोका कमी आहे. सगळं जमून आलंय, त्यामुळे कधीकधी जरा हिशोबी वाटतं.

तर निकाल. थ्रॅश आधी ऐकलंच नसेल, मेटालिकाच्या ब्लॅक अल्बमवरून इकडे येत असाल, तर सीझन्स घ्या, पैसे वाया जाणार नाहीत. ड्रम वाजवत असाल किंवा पंक, हार्डकोर ऐकून कान तयार असतील तर सरळ रेन इन ब्लड. आणि माझ्या भावासारखं ज्याला रेकॉर्ड वर्षानुवर्षं ठेवायचीय, रविवारी दुपारी लावायचीय, त्याने साऊथ ऑफ हेवन घ्यावी. रेन इन ब्लड फोनवर ऐकली तरी तेवढीच लागते, साऊथ ऑफ हेवनला खोली लागते, मोठे स्पीकर लागतात. बाकीच्या दोन नंतर घेशीलच, सुटका नाही.

अजून एक, कोणी 2006 ची क्राइस्ट इल्युजन पुढे केली तर. त्यात लोंबार्डो परत आला होता आणि तिच्यातल्या गाण्याला ग्रॅमीही मिळालं, पण आपल्याकडे तिची वेगळीच कथा. मुंबईतल्या कॅथलिक सेक्युलर फोरमने कव्हर आणि गाण्यांवर आक्षेप घेतला आणि ईएमआय इंडियाने भारतातला माल परत मागवून नष्ट केला. गंमत म्हणजे गाणारा अराया स्वतः कॅथलिक. ज्यांच्याकडे तेव्हाची इंडियन सीडी आहे ते ती काचेच्या कपाटात ठेवतात, ऐकतात किती माहीत नाही. कलेक्टर असाल तर शोधा, गाण्यांसाठी नको.

2012 च्या ऑक्टोबरमध्ये हे बंगळुरात आले तेव्हा हॅनेमन आजारी होता, त्याच्या जागी एक्सोडस बँडचा गॅरी होल्ट, पण ड्रमवर लोंबार्डो होता. रात्रभर बसने जाऊन पाहिलं, तीन दिवस मान वळत नव्हती. पुढच्या मे महिन्यात हॅनेमन गेला. तेव्हापासून घरी स्लेयर लावायची म्हटलं की हात आपोआप साऊथ ऑफ हेवनकडे जातो, त्यामुळे वरचा निकाल थोडा पक्षपाती आहे हे धरून चाला.

आणि एवढं वाचूनही रेन इन ब्लडच घेतलीस तर निदान शेवटचा पाऊस थांबेपर्यंत सुई उचलू नकोस.