रोटवांडहाउस, भाड्याच्या ई-सायकलवर

म्युनिकहून आल्प्समधल्या माँगफालच्या डोंगरात, रोटवांडहाउस या हटला (डोंगरावरची खाण्या-राहण्याची जागा) जाणाऱ्यांनी रेल्वेत आधी डबा बघून बसावं. होल्झकिर्शेन स्टेशनवर गाडीचे तुकडे होऊन डबे वेगवेगळ्या गावांना जातात. आम्ही गप्पांच्या नादात टेगर्नसेच्या डब्यात बसलो आणि तासभर घालवून परत फिरलो. डब्यावर गावाचं नाव लिहिलेलं असतं, म्हणजे चूक आमचीच.

श्लियरसे गावात सायकल भाड्याने घेतली, दिवसाचे 45 युरो. दुकानाचं नाव देत नाही, कारण माणूस चांगला होता. माझी उंची बघून सीट त्याने स्वतः बसवून दिली, हेल्मेट फुकट दिलं. बॅटरीही उत्तम. 1,127 मीटरवरच्या स्पिट्झिंग खिंडीचा चढ सातारकराने न थांबता काढला, यातच काय ते आलं. पण मागचा ब्रेक! उतरताना असा किंचाळायचा की कुरणातल्या गाई माना वर करून बघायच्या. पकडही ढिली. खडीच्या रस्त्यावर दोनदा पोटात गोळा आला.

स्पिट्झिंगसे तळ्यापासून वर जंगलातला कच्चा रस्ता थेट रोटवांडहाउसपर्यंत जातो. शेवटचा टप्पा भलताच उभा आहे. बिनबॅटरीवाले सायकल ढकलत होते. हे हट 1,737 मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्याही वर. गडावर पिठलं-भाकरी मिळाली की जसं वाटतं, तसं इथे काइझरश्मार्न समोर आल्यावर वाटलं. जाड गोड घावन तव्यावरच फाडून, वर पिठीसाखर भुरभुरवलेलं. एक ताट दोघांना पुरलं. बायकोने राडलर घेतलं: अर्धी बिअर, अर्धं लिंबाचं सरबत. या शब्दाचा अर्थच सायकलवाला, त्यामुळे तिच्याकडे आयतं कारण होतं. मी उतरायच्या भीतीने पाण्यावर भागवलं.

सायकली खालीच कुलूप लावून पायी रोटवांड डोंगराच्या माथ्यावर गेलो, 1,884 मीटर. आग्नेयेला कायझर डोंगररांगेचे करडे सुळके, त्यामागे बर्फाची रांग. गर्दी मात्र रविवारच्या सिंहगडाइतकी, फक्त भजीवाला नाही.

हटला पाच तारे. दुकानाला साडेतीन. परत देताना ब्रेकचं सांगितलं, तर त्याने तिथल्या तिथे चाक काढून पॅड बदलायला घेतले आणि पाच युरो परत केले. पुन्हा तिथूनच घेईन, फक्त निघण्याआधी अंगणात दोन फेऱ्या मारून.