ठासणीच्या पिस्तुलाच्या देखभालीची तयार पेटी: दोन हंगामांच्या वापरानंतर

ठासणीचे, म्हणजे दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून ठासून भरायचे, पिस्तूल हाती आले की देखभालीची हत्यारे एकेक करून जमवावीत की सगळे एकदम देणारी तयार पेटी घ्यावी, हा प्रश्न नवख्यापुढे उभा राहतोच. मी पेटी घेतली. लाकडी डबा, आत हिरवे मखमली अस्तर, प्रत्येक वस्तूसाठी तिच्या आकाराची खाच आणि झाकणावर ‘सर्व कॅलिबरसाठी’ असे ठसठशीत आश्वासन, असे तिचे रूप होते. अशा पेट्या बहुधा एकाच साच्यातून निघाल्यासारख्या असतात, म्हणून निर्मात्याचे नाव घेत नाही. माझ्याकडे दोन पिस्तुले आहेत: एक टोपीचे (घोडा स्फोटक टोपीवर आपटून बार पेटवणारे), ०.४५ इंच व्यासाच्या, आट्यांच्या म्हणजे आतून पीळदार खाचांच्या नळीचे, आणि दुसरे चकमकीचे (गारगोटीच्या ठिणगीने पेटणारे), गुळगुळीत नळीचे. दोन हंगाम या दोन्हींवर पेटी वापरल्यावर तिच्यातल्या निम्म्याहून कमी वस्तू माझ्या मेजावर उरल्या आहेत. उरलेल्या वस्तू दिसायला वाईट होत्या असे नाही. त्या एकमेकींना आणि माझ्या पिस्तुलांना बसत नव्हत्या.

हत्यारांची पारख करण्याआधी ती कशाशी झुंजतात हे पाहिले पाहिजे. काळी दारू म्हणजे साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. ती जळते तेव्हा तिच्या वजनाचा अर्ध्याहून अधिक भाग वायू न होता घन क्षारांच्या रूपाने मागे राहतो. नोबल आणि एबल या दोघा संशोधकांनी १८७०च्या दशकातच हे मोजून दाखवले होते. नळीत बसलेली ही काजळी हवेतला ओलावा शोषून घेते आणि त्या ओलाव्याखाली लोखंड गंजते. मात्र हे क्षार पाण्यात सहज विरघळतात, त्यामुळे खरे साफसफाईचे काम गरम पाणी, किंचित साबण आणि सुती चिंध्या करतात. हत्याराने चिंधी नळीच्या तळापर्यंत न्यायची आणि परत आणायची, एवढीच अपेक्षा असते. माझ्या पेटीने नेमकी इथेच मान टाकली.

पेटीतला गज पितळी आणि तीन तुकड्यांचा होता. पितळ योग्यच, कारण ते नळीच्या पोलादापेक्षा मऊ असते. तीन तुकड्यांचे कारण मात्र मला आजही उमगलेले नाही. बंदुकीची नळी हातभराहून लांब असते, तिचा गज खोक्यात मावावा म्हणून तोडावा लागतो. पिस्तुलाच्या वीतभर नळीसाठी एकसंध गज कुठल्याही पेटीत बसला असता. प्रत्येक जोड ही ढिली होणारी जागा असते, आणि जोडांचे आटे उजवे असल्यामुळे गज आत असताना हात डावीकडे वळला की जोड सुटू लागतो.

गजाच्या टोकाला चिंधी धरणारे जे कंगोरेदार पितळी बोंड लावतात, त्याला जॅग म्हणतात. पेटीत चार मापांचे जॅग होते. ०.४५ लिहिलेला जॅग व्हर्नियरने मोजला तेव्हा तो ०.४४५ इंच भरला. म्हणजे ०.४५० इंचाच्या नळीत दोन्ही बाजू मिळून इंचाचा पाच हजारांश भाग मोकळा राहणार, आणि सोबत दिलेल्या चिंध्यांचे कापड एकेरीच पंधरा हजारांश जाड. हे मोजमाप मी नंतर केले, हीच चूक झाली. पहिल्याच दिवशी चिंधी लावून गज आत ढकलला. मुठीवर तळहाताने दोन ठोसे दिल्यावर तो बुडाशी जाऊन बसला आणि नंतर हलेना. ओढताना मनगट किंचित डावीकडे वळले, गज अलगद बाहेर आला आणि जॅग चिंधीसकट आतच राहिला. सुटलेला जोड पाहिला तेव्हा उलगडा झाला. गजाचे टोक १० नंबरच्या आट्यांचे, जॅग ८ नंबरच्या आट्यांचा, दोन्ही इंचाला ३२ आटे असलेले, आणि त्यांना सांधायला मध्ये बोटाच्या पेराएवढा एक पितळी सांधा. तोच फिरला होता.

असा अडकलेला तुकडा काढायला हवेचा दाब वापरण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण दाबलेली हवा तुकड्याला गोळीसारखे फेकते. ज्या पोकळ खुंटीवर टोपी बसते ती निपल मी काढली. माझ्या पिस्तुलात तिचे आटे पाव इंच व्यासाचे आणि इंचाला २८ आहेत, आणि यंत्रांना ग्रीस भरण्याची छोटी तोटी याच मापात मिळते. ती तोटी निपलच्या जागी बसवून ग्रीसगनने ग्रीस भरत गेलो. ग्रीस दाबले जात नाही, नुसते सरकते. प्रत्येक दाबासरशी जॅग तांदळाच्या दाण्याएवढा पुढे येत राहिला आणि शेवटी आवाज न करता नळीच्या तोंडातून मेजावर पडला. त्यानंतर तासभर नळीतले ग्रीस काढण्यात गेला. सांध्याच्या जोडांच्या बाबतीत मी कानाला खडा लावला आहे. एका ओळखीच्या कारागिराकडून तोच जॅग लेथवर ०.४३२ इंचांपर्यंत उतरवून घेतला, त्याला १० नंबरचे आटे पाडून घेतले आणि एकसंध पितळी गजाला थेट जोडला. आता चिंधी आत जाताना अंगाला घासून जाते आणि परत येताना कंगोऱ्यांत गोळा होऊन येते, जॅगने करायचे ते हेच.

या गजावर मी दोन खुणाही कोरल्या आहेत. एक नळी रिकामी असताना गज तळाला टेकतो तिथे, नळीच्या तोंडाशी; दुसरी नेहमीचा बार आणि गोळी ठासलेली असताना येते तिथे. ठासणीचे हत्यार भरलेले आहे की नाही हे वरून पाहून कळत नाही. पिस्तूल हातात घेतल्यावर आधी गज टाकून खूण पाहायची आणि मगच बाकीचे, हा क्रम मी मोडत नाही. पेटीतल्या गजावर एकही खूण नव्हती.

वर्म, म्हणजे चिंधी उचलणारा दोन पीळदार काट्यांचा तुकडा, आणि शिशाच्या गोळीत फिरवून ती ओढून काढायचा स्क्रू हे दोन्ही मात्र पेटीतले असूनही चांगले निघाले. काट्यांची टोके आतल्या बाजूला वळलेली आहेत, त्यामुळे नळीला ओरखडा पडत नाही. स्क्रूमागे नळीच्या मापाची पितळी चकती आहे, त्यामुळे तो गोळीच्या मध्यावर टेकतो. दारू न घालता गोळी ठासण्याची चूक अनुभवी नेमबाजाकडूनही होते, तेव्हा हा स्क्रू लागतोच. गोळीमागे दारू असण्याची थोडी जरी शक्यता असेल, तर निपलच्या जागेतून पाणी घालून ती पुरती भिजवल्याशिवाय स्क्रूला हात लावू नये.

निपल फिरवण्याचा पाना हा पेटीतला सर्वांत निकृष्ट नग. निपलच्या चौकोनी बुंध्यावर तो सैल बसे आणि त्याचे पोलाद इतके मऊ होते की तिसऱ्या खेपेला कोपरे गोल झाले. पाना बिघडला तर बदलता येतो. निपलचे कोपरे झिजले तर तीच बदलावी लागते. मी टी आकाराच्या मुठीचा, कडक पोलादाचा वेगळा पाना घेतला आणि निपल परत बसवताना आट्यांना दर वेळी आटे न धरू देणारे ग्रीस लावतो, त्यामुळे जोर करावाच लागत नाही.

पेटीत एक जादा निपलही होती, आणि तिच्याबद्दल सावध करणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. तिचे आटे ६ मिलिमीटर व्यासाचे आणि ०.७५ मिलिमीटर अंतराचे होते. हे मापही सर्रास चालते, पण पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. माझ्या पिस्तुलात ती निपल एक-दोन वेढे ढिली फिरली आणि नवख्याला ‘बसली’ असे वाटावे इतपत धरली. अशी निपल बार उडताना मागे फेकली जाऊ शकते, आणि मागे नेमबाजाचा चेहरा असतो. ‘सर्व कॅलिबरसाठी’ हे शब्द जिथे नळीलाही नीट लागू पडत नाहीत, तिथे निपलच्या आट्यांना लावणे हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे.

निपलचे छिद्र तळाशी जेमतेम ०.७ मिलिमीटरचे असते. ते कोरायला पेटीत टोकदार पोलादी सुई होती. तिने छिद्र हळूहळू मोठे होते आणि मग बाराची झळ घोड्याकडे उलटू लागते. त्याऐवजी तांब्याची बारीक तार पुरते. चकमकीच्या पिस्तुलाचा कान, म्हणजे ठिणगीची आग आत नेणारे नळीच्या बाजूचे छिद्र, याच्या दुपटीहून मोठा असतो, त्याला जाड तार चालते; रंजकाची, म्हणजे ठिणगीने पेटणाऱ्या दारूची, वाटी झाडायला पेटीत आलेली केसाळ कुंची मात्र मी आवडीने वापरतो. काशाच्या तारांचा ब्रश मी एकदाच वापरला. नळीच्या अरुंद बुडाशी त्याच्या तारांना उलटी दिशा घेता येत नाही आणि तो तिथेच रुतून बसतो. तो कायमचा बाजूला ठेवला.

तेलाच्या बाटलीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण चूक बाटलीवरच्या सूचनेतच छापली होती. ‘नेमबाजीनंतर लगेच नळीत तेल सोडावे’ असे तिच्यावर लिहिलेले होते. साधे खनिज तेल दारूच्या ओल्या काजळीत मिसळले की डांबरासारखा चिकट थर बनतो आणि पुढची चिंधी त्यावरून नुसती घसरते. आधी पाणी, मग पूर्ण कोरडे करणे आणि त्यानंतरच तेल, असा क्रम हवा. १९०४ सालापासून मिळणारे बॅलिस्टॉल पाण्यात मिसळले की दुधासारखे पांढरे होते. ते मिश्रण मी मैदानावर दोन बारांमधल्या पुसण्यासाठी नेतो. आंतरराष्ट्रीय ठासणी नेमबाजीत अर्ध्या तासात १३ गोळ्या झाडायच्या असतात आणि त्यांतल्या उत्तम १० धरतात, त्यामुळे दर दोन-तीन बारांनी एक ओली आणि एक कोरडी चिंधी फिरवायला वेळ पुरतो आणि गोळी शेवटपर्यंत सारख्याच जोराने ठासली जाते.

पेटीत मापाच्या नळीसह एक देखणा पितळी दारूदानही होता. तो शोभेला ठेवावा. त्यातून थेट नळीत दारू ओतणे धोक्याचे आहे, कारण आधीच्या बाराची एखादी ठिणगी आत धुमसत असेल तर ती हातातल्या सगळ्या दारूपर्यंत पोचते. मोजलेला एकेक बार वेगळ्या छोट्या कुपीत भरून न्यावा.

जे पेटीत हवे होते आणि नव्हते त्यात पहिली दाबकमानीची पकड. घोड्यामागची इंग्रजी व्ही आकाराची कमान पक्कडीने काढायला गेले की ती एक तर मोडते किंवा उडते. छोट्या स्क्रूच्या पकडीने ती थोडी दाबून धरली की अलगद निघते. दुसरे, समांतर पात्याचे स्क्रूड्रायव्हर. घरातल्या पाचरीसारख्या पात्याने स्क्रूची अरुंद खाच हमखास ओरबाडली जाते.

आता धुण्याचा प्रत्यक्ष क्रम. टोपीच्या पिस्तुलाची नळी एक पाचर सरकवली की दस्त्यापासून सुटते. निपल काढून नळीचे बूड गरम साबणपाण्याच्या भांड्यात उभे करायचे आणि चिंधी लावलेला गज वरून पिचकारीसारखा खालीवर करायचा. गज वर ओढला की निपलच्या रिकाम्या जागेतून पाणी आत चढते, खाली दाबला की काळे पाणी उसळून बाहेर येते आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो; तो गंधकाच्या क्षारांचा असतो. पाणी बदलत तीन-चार खेपा केल्या की चिंधी पांढरी निघू लागते. चकमकीच्या पिस्तुलाची नळी माझ्याकडे खिळ्यांनी दस्त्यात बसवलेली आहे, ती सोडवत नाही. कानात लाकडी काडी खुपसून वरून पाणी भरतो आणि ओततो. शेवटच्या पाण्यासाठी काही जण उकळते पाणी वापरतात, म्हणजे तापलेली नळी आपोआप सुकते. माझ्या अनुभवात त्याने क्षणात नारिंगी झाक येते, म्हणून मी कोमट पाण्यावर थांबतो आणि कोरड्या चिंध्या जास्त फिरवतो.

पेटीतली लोकरीची बोंडी मी पहिल्या दिवशी निरुपयोगी ठरवली होती, आणि ते मत बदलावे लागले. नळी कोरडी झाल्यावर तेलात बुडवून पिळलेली ती बोंडी एकदा फिरवली की आट्यांच्या खाचांतही पातळ, सारखा थर बसतो. जॅगवरच्या चिंधीला ते साधत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरी चिंधी पुन्हा एकदा बुडापर्यंत नेऊन आणतो. ती पिवळसर आली तर तेल पुसून बोंडी पुन्हा फिरवतो, आणि तिसऱ्या दिवशी परत पाहतो.