जुना पिस्टन हातात दिला, तोही दुसऱ्याच गाडीचा

गॅरेजवाल्याने जुना पार्ट दाखवला की आपण निवांत होतो. मलाही दाखवला. चरे पडलेला काळाकुट्ट पिस्टन, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. "बघा साहेब, काय हाल झालेत!"

गाडी १२५ सीसी, नवी घेतल्यापासून माझ्याकडेच. घोडबंदर रोडने रोजची ये-जा. पावसाळा संपता संपता इंजिनातून टिकटिक यायला लागली. माजिवड्याकडच्या एका गॅरेजवाल्याने स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि निकाल दिला, "बोअर गेलाय. रस्त्यात सीज होईल." म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती सिलिंडरची नळी झिजलीय, इंजिन जाम होईल. साडेसात हजार सांगितले. संध्याकाळी गाडी तयार, आवाज बंद. पक्क्या बिलाऐवजी चिठ्ठी मिळाली: बोअर-पिस्टन, गॅस्केट, मजुरी.

माझा मामेभाऊ वागळे इस्टेटमध्ये लेथवर असतो. त्याने सहज तो पिस्टन घेतला आणि पेट्रोलच्या बोळ्याने डोक्यावरचा कार्बन पुसला. कार्बनखाली ५० हा आकडा कोरलेला. म्हणजे ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइज. सिलिंडर रिबोअर करून, म्हणजे आतून कोरून, मोठा केला असेल, तरच असा पिस्टन बसतो.

"दादा, इंजिन आधी कधी खोललं होतंस?"

"कधीच नाही."

"मग हा तुझा नाही."

मग तो गाडीजवळ उकिडवा बसला. पिस्टन बदलायचा तर हेड, म्हणजे सिलिंडरवरचा भाग, खोलावाच लागतो. हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावर पावसाळ्यातला चिखल वाळून तसाच बसलेला, हेडच्या नटांवरही. पान्याचे ताजे ओरखडे होते ते फक्त टॅपेटच्या झाकणांवर. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हजवळची बारीक फट, सेट केले होते, एवढंच. तासाभराच्या आतलं, काही शेकड्यांचं काम! शिवाय नवा पिस्टन टाकला की सुरुवातीला गाडी जपून चालवायला सांगतात. हा गॅरेजवाला म्हणाला होता, "बिनधास्त पळवा."

तुमच्या गाडीला आवाज आला तर गॅरेजला नेण्याआधी घरीच थोडं ऐका. पहिलं काम ऑइल बघणं, ते कमी असलं तरी इंजिन खडखडतं. वरून येणारी बारीक टिकटिक, रेस दिली की तीही भरभर, तर बहुतेक टॅपेट. साखळी घासल्यासारखी खरखर आली तर इंजिनातली टायमिंग चेन किंवा तिला ताणून धरणारा टेन्शनर. क्लच दाबल्यावर आवाज बदलला तर क्लचकडे बघायला सांगा. सायलेन्सरचं पत्र्याचं कव्हर सैल असलं तरी भयंकर वाजतं. गाडी थंड असताना हलवून पाहा. बोअर खरंच गेला असेल तर बहुधा निळसर धूर येतो आणि ऑइल उतरतं. माझ्या गाडीत दोन्ही नव्हतं, हे गॅरेजवाल्यालाही दिसत होतंच. मात्र खालून जड ठकठक येत असेल आणि चढावर वाढत असेल, तर गाडी चालवू नका, टेम्पोत घालून न्या.

गॅरेजवाला आता म्हणतो, "पोराने चुकून दुसरा पिस्टन दिला असेल." मग माझा कुठाय, तर भंगारात गेला म्हणे. हेड खोलून दाखव म्हटलं, तर त्याची मजुरी वेगळी! चिठ्ठी, यूपीआयची नोंद आणि चिखलासकट नटांचे फोटो जोडून ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार केली आहे. पिस्टन अजून माझ्याकडेच आहे. तो परत मागायला गॅरेजचा पोरगा दोनदा येऊन गेला.