गर्दीत गाडी तापते म्हटल्यावर ‘हेड गेलंय’ सांगणाऱ्यांपासून सावध राहा

हायवेला इंजिनाच्या तापमानाचा काटा निम्म्यावर, आणि गावात गर्दीत अडकलं की थोड्याच वेळात लाल रेषेवर. ही तक्रार घेऊन तुम्ही गॅरेजला गेलात आणि समोरच्याने रेडिएटरच्या पंख्याला हातसुद्धा न लावता ‘हेड गेलंय’ (म्हणजे इंजिनाचा वरचा भाग बिघडलाय) म्हटलं, तर गाडी तिथे सोडू नका. या एका वाक्यावर आमचे ४१,००० रुपये गेले. केलेल्या कामाचे गेले असते तर एवढं लिहायला बसलो नसतो.

आमची गाडी म्हणजे जुनी डिझेल टेम्पो ट्रॅव्हलर. आतल्या सीट काढून दोन पलंग, छोटा ओटा आणि पाण्याची टाकी बसवून घेतली आहे. आई-अण्णांचं पथ्य आणि औषधं सांभाळत पंढरपूर, गाणगापूर करायचं तर स्वतःचं स्वयंपाकघर बरोबर असलेलं बरं पडतं. मे महिन्यात भरल्या टाकीनिशी तुळजापूरचा घाट चढली तरी काटा जागचा हलला नाही. आणि जानेवारीत सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दीत, संध्याकाळी अंगात स्वेटर असताना, हीच गाडी उकळली. विजापूर वेशीपाशीही तेच. उन्हाळ्यातल्या घाटात तापत नाही आणि थंडीतल्या गर्दीत तापते, यातच निम्मं निदान आहे.

गाडी पळत असते तेव्हा रेडिएटरमधून, म्हणजे इंजिनाचं पाणी गार करणाऱ्या पुढच्या जाळीतून, वारा आपोआप जातो. गाडी रांगायला लागली की तो वारा थांबतो आणि सगळा भार पंख्यावर येतो. म्हणजे फक्त गर्दीत तापणाऱ्या गाडीत आधी हवा बघायची: पंखा ओढतो का, जाळी तुंबली आहे का, पंख्याभोवतीचं कवच फुटलं आहे का. हेड गॅस्केट (हेड आणि खालचं इंजिन यांच्यामधली पट्टी) गेलेली गाडी चढाला आणि भर वेगातही बहुधा त्रास देते. बाहेर कुठे गळती नसताना पाणी कमी होत राहतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, ऑइल दुधाच्या चहासारखं होतं, थंड इंजिन सुरू करताच होज (पाण्याच्या रबरी नळ्या) दगडासारखे कडक होतात. आमच्या गाडीत यातलं एकही लक्षण नव्हतं.

हे सगळं मी त्या गॅरेजमालकाला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, रेडिएटरमधलं पाणी सोडून नवीन भरलं, झाकण उघडंच ठेवून इंजिन सुरू केलं आणि मला जवळ बोलावलं. तोंडाशी बुडबुडे येत होते. “बगा साहेब, कॉम्प्रेशन पाण्यात मारतंय. हेड काढून फेसिंग करावं लागंल, न्हाईतर इंजिन जाम हुईल.” म्हणजे इंजिनातला वायू पाण्यात शिरतोय, हेडचा तळ घासून सपाट करावा लागेल. शेजारी अण्णा उभे होते. इंजिन जाम हा शब्द ऐकल्यावर त्यांचा चेहरा उतरला. तो माणूस त्यांच्याकडेच बघून बोलत होता.

हा बुडबुड्यांचा खेळ नीट समजून घ्या. कोणत्याही गाडीचं पाणी काढून नव्याने भरलं की आत अडकलेली हवा बाहेर पडते आणि बुडबुडे येतातच. चांगल्या इंजिनात ते थोड्या वेळाने थांबतात. गॅस्केट गेलं असेल तर थांबत नाहीत, रेस दिली की वाढतात. खरी शंका असेल तर रेडिएटरच्या तोंडाशी निळ्या औषधाची नळी धरून तपासता येतं: जळालेला वायू पाण्यात मिसळत असेल तर औषधाचा रंग बदलून हिरवट किंवा पिवळा होतो. प्रेशर टेस्टही करता येते. यातलं काहीही त्याने केलं नाही. मी विचारल्यावर “आमाला बघूनच कळतंय” एवढंच उत्तर मिळालं.

गाडी परत मिळाली तेव्हा बिलावर हेड फेसिंग, गॅस्केट किट, नवीन रेडिएटर, कूलंट (रेडिएटरमध्ये भरायचं खास द्रव) आणि मजुरी असं लिहिलेलं होतं. पक्कं बिल मागितलं तर जीएसटी वरून पडेल म्हणाला. कागदावर गॅरेजचा शिक्का मात्र मारून घेतला. थंडीत काटा खालीच राहिला. मार्चमध्ये ऊन चढलं आणि सात रस्त्याला गाडी पुन्हा उकळली. परत गेलो तर आता वॉटर पंप बदला म्हणाला.

मग अक्कलकोट रोडच्या बाजूला ट्रकची कामं करणाऱ्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी एकही नट न सोडता गाडी गरम होऊ दिली आणि वर्तमानपत्राचं एक पान समोरच्या जाळीला लावून हात सोडला. पंखा ओढत असेल तर पान जाळीला चिकटून राहतं. आमचं पान सरळ खाली पडलं. इंजिन बंद करून त्यांनी पंख्याला हाताने झटका दिला, तर तो गरगर फिरत राहिला. गरम इंजिनात पंखा हाताला जड लागायला हवा. आमच्या पंख्याच्या मध्यभागी व्हिस्कस कपलिंग आहे. त्यात घट्ट सिलिकॉन तेल असतं, आणि रेडिएटरची गरम हवा लागली की ते पंख्याला इंजिनाबरोबर जोडतं. आमचं तेल गळून गेलं होतं. कपलिंगवर त्याचे ओघळ आणि त्यावर चिकटलेली धूळ स्पष्ट दिसत होती. भरीला एसीचा कंडेन्सर (एसीची पुढची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामध्ये सुताच्या धुळीचा जाड थर होता. गाडी यंत्रमागाच्या कारखान्याशेजारी उभी असते, त्यामुळे सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्यांनी ही जागा आवर्जून बघावी.

चाचांनी मग बॅटरी पाजळून मला हेडचे बोल्ट दाखवले. डोक्यांवर तेल आणि मातीचा वर्षानुवर्षांचा थर तसाच, वाळून कडक झालेला. पाना लागला असता तर त्याच्या कडा खरवडल्या गेल्या असत्या. हेडला जोडलेल्या मॅनिफोल्डचे (हवा-धुराच्या नळ्यांचे) नट गंजून एकजीव. “हे हेड कुणी काढलेलंच नाही,” ते म्हणाले. ‘नवीन’ रेडिएटरवर काळा स्प्रे मारलेला होता, होजच्या क्लिपवरसुद्धा त्याचे शिंतोडे होते. आणि त्या रंगाखाली अण्णांनी हॉर्नची पट्टी बसवताना पडलेला पोचा जसाच्या तसा. आमचाच रेडिएटर आम्हाला विकला होता. कूलंटच्या जागी बोअरचं क्षाराचं पाणी, आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकलेला. थंडीत काटा का चढला नाही, ते तेव्हा कळलं. थर्मोस्टॅट काढला की इंजिन थंड चालतं, डिझेल जास्त खातं, झीज वाढते. आणि काही इंजिनांत पाणी रेडिएटरकडे न जाता आतल्या आतच फिरतं, म्हणजे गर्दीत उलट जास्त तापतं.

नवीन कपलिंग, थर्मोस्टॅट, साफसफाई आणि खरं कूलंट मिळून ९,००० रुपयांच्या आत काम झालं. कपलिंग मिळेपर्यंत गाडी घरी आणायची होती, तेव्हा चाचांनी सांगितलं तसं एसी बंद आणि हीटर पूर्ण चालू ठेवला. आत बसवत नाही, पण काटा उतरतो. उकळलेल्या गाडीचं झाकण मात्र कुणीही लगेच उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलेलं असतं आणि थेट तोंडावर उडतं.

काहीही पुसण्याआधी चाचांनी बोल्ट, पोचा आणि रंगाचे फोटो काढायला लावले आणि काय दिसलं ते स्वतःच्या लेटरहेडवर लिहून दिलं. जुन्या गॅरेजमालकाने फोनवर हात झटकले. पण ‘हेड फेसिंग’ त्याच्याच अक्षरात, त्याच्याच शिक्क्यानिशी माझ्याकडे आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नोटीस पाठवली, आणि उत्तर आलं नाही म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगात जातो आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, आणि २०१९च्या कायद्याप्रमाणे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. सोलापुरात कुणी नुकतंच हेडचं काम करून घेतलं असेल, तर इंजिन धुण्याआधी बॉनेट उघडून बोल्टची डोकी बघा आणि फोटो काढून ठेवा.