अभ्यंगस्नान आणि आंघोळीची खुर्ची: वर्षभराच्या वापरानंतर

मला आमवात होऊन अकरा वर्षे झाली. वयोमानाने गुडघे झिजतात तो संधिवात वेगळा. आमवातात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते आणि दोन्ही हातांची मनगटे, बोटांची पेरे, पावलांचे लहान सांधे सुजत जातात. या आजाराची सर्वांत वाईट वेळ पहाटेची असते. जाग आल्यावर तास-दीड तास मूठ मिटत नाही, बादलीची कडी धरवत नाही. आणि आपली दिवाळी सुरू होते ती नेमकी पहाटेच.

२०२५ च्या दिवाळीआधी मी आंघोळीसाठी खुर्ची घेतली. ॲल्युमिनियमचे चार पाय, भोके पाडलेली जाड प्लॅस्टिकची बैठक, पाठ टेकायला फळी आणि दोन्ही बाजूंना हात, अशी तिची घडण आहे. या घडणीची खुर्ची बाजारात अनेक नावांनी मिळते, त्यामुळे मी नावाबद्दल न लिहिता घडणीबद्दल लिहिते. मला ती २,४०० रुपयांना पडली. त्याआधी काही वर्षे मी प्लॅस्टिकच्या साध्या स्टुलावर बसून आंघोळ करीत असे आणि उठताना हाताला लागेल त्या गोष्टीचा, बहुतेकदा टॉवेल वाळत घालण्याच्या दांडीचा, आधार घेत असे. ही दांडी माणसाचे वजन पेलण्यासाठी नसते, हे ती एके दिवशी स्क्रूसकट हातात आल्यावर कळले.

खुर्चीची खरी किंमत तिच्या हातांत आहे. आमवात असलेल्या माणसाला बोटांनी घट्ट धरून उठता येत नाही, पण कोपरापासूनचा हात सपाट टेकवून रेटा देता येतो. म्हणून बिनहातांची खुर्ची स्वस्त मिळत असली तरी ती आमच्यासारख्यांनी घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. घेण्याआधी न्हाणीघराच्या दाराची रुंदी मात्र मोजावी. जुन्या इमारतींत ती दारे अरुंद असतात आणि हातांमुळे खुर्चीची रुंदी वाढते. आमच्याकडे ती तिरकी करूनच आत न्यावी लागली.

नरकचतुर्दशी २० ऑक्टोबरला, सोमवारी होती. माझी आमवातावरची, आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी रविवारी रात्री असते आणि दुसऱ्या दिवशी मला गळून गेल्यासारखे होते. त्यामुळे त्या पहाटे अंगात त्राण नव्हते आणि सांधेही आखडलेले होते. खुर्चीची याहून कठीण परीक्षा मला घेता आली नसती. मुलीने बाहेर तेल लावायला घेतले तेव्हा मी तिला थांबवले. तेल लावलेल्या पावलांनी ओल्या फरशीवरून चालणे हा आमच्यासाठी सणातला सर्वांत मोठा धोका आहे. आधी न्हाणीघरात खुर्चीवर बसावे, मग तेल लावून घ्यावे आणि तळपाय कोरडेच ठेवावेत, हा क्रम आम्ही त्या दिवशी ठरवला. खुर्चीच्या पायांचे रबरी बूच पाण्यात उत्तम धरून राहतात, पण तेलावर ते सरकतात. फरशीवर तेल सांडले की ते लगेच साबणाने धुवायला हवे. उटण्याचा लगदा बैठकीच्या भोकांत अडकून पाणी साचले, हा दुसरा दोष. नंतर जुन्या दातघासणीने ती भोके साफ करावी लागली. उटणे पातळ कालवले तर हा त्रास कमी होतो.

माझी उंची चार फूट दहा इंच आहे. पायांची लांबी कमी-जास्त करता येत असली तरी अगदी खालच्या खाचेवरही माझी पावले नीट टेकत नव्हती. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी दरवर्षीचा पाट आणला आणि माझ्या पायांखाली सरकवला. म्हणाल्या, "पाटावर बसायलाच हवं असं कुठं आहे? पाय ठेव त्याच्यावर." उंचीची अडचण सुटली. उठताना मात्र पाट आधी बाजूला काढावा लागतो, नाहीतर तोच पायाखालून निसटतो. कारीट मला अंगठ्याने फुटले नाही, मी ते टाचेने फोडले.

कमी-जास्त करण्याच्या त्या खाचा स्प्रिंगच्या गुंडीने बसतात आणि ती गुंडी अंगठ्याने जोरात दाबावी लागते. ज्यांच्यासाठी वस्तू बनवली, त्यांच्याच हातांना ती लावता येऊ नये, हे मला फार खटकते. याहून अधिक मनस्ताप दुकानाने दिला. वसुबारसेला खुर्ची घरी आली तेव्हा एका पायाचे बूचच नव्हते आणि बदली बूच भाऊबीज उलटल्यावर आले. मधल्या दिवसांसाठी काठीला लावतात तसली चार बुचे आणून आम्ही सगळीच बदलली, कारण एकच वेगळे लावले असते तर खुर्ची डुगडुगली असती. खुर्ची हातात पडल्याबरोबर सपाट जमिनीवर ठेवून चारही पाय तपासून घ्यावेत.

आता वर्ष होत आले. ॲल्युमिनियम जसेच्या तसे आहे, पाठीच्या फळीचे स्क्रू मात्र गंजू लागले आहेत आणि बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बैठकीवर बसतो. रोजच्या सकाळी मी दहा मिनिटे खुर्चीत बसून मनगटांवर गरम पाणी घेते. तेवढ्याने बोटे इतकी मोकळी होतात की साडीची पिन मला स्वतःला लावता येते. भिंतीत पक्का बसवलेला आधाराचा दांडा मात्र खुर्चीसोबत हवाच; हवेच्या दाबाने चिकटणारे दांडे तेलकट वाफेच्या न्हाणीघरात मी वापरणार नाही.

पाडव्याचा प्रसंग सांगायचा राहिला. नवऱ्याला तेल-उटणे लावण्याची रीत मी चार वर्षे सोडून दिली होती, कारण जमिनीवर बसून ते करणे मला जमत नव्हते. त्या दिवाळीत खुर्ची बाहेरच्या खोलीत आणून ठेवली, ती कोरडी पुसली, समोर रांगोळी काढून पाट मांडला. हे पाटावर बसले, मी त्यांच्या मागे खुर्चीवर. बोटांनी चोळता येत नाही म्हणून तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने मी हळूहळू तेल लावले. पाठ पूर्ण होईपर्यंत पाणी दोनदा तापवावे लागले.