फोटो-हॉल, पॅरिस: घडीचा प्लेट कॅमेरा

नाशिकच्या भद्रकालीतल्या जुन्या सामानाच्या दुकानातून ६,५०० रुपयांना आणला. पट्टीवरचं 'फोटो-हॉल, पॅरिस' हे दुकानाचं नाव. असे विक्रेते दुसऱ्यांच्या कारखान्यांतले कॅमेरे आपल्या नावाने विकत. म्हणून घेताना नाव नाही, भाता (लेन्स आणि मागची बाजू जोडणारा, प्रकाश अडवणारा घडीचा भाग) बघा. अंधारात आत टॉर्च लावली तर कोपऱ्यांत चार भोकं चमकली. काळ्या कापडाची ठिगळं लावली. यात फिल्मऐवजी लागणाऱ्या ९×१२ सेंटिमीटरच्या काचेच्या प्लेटा सहज मिळत नाहीत. मी फोटो पेपर कापून, मागे पुठ्ठा देऊन प्लेटच्या होल्डरमध्ये घालतो. उन्हातही काही सेकंद लागतात, स्टँड हवाच.

पण कॅमेऱ्यामागच्या दुधी काचेवर उलटं उभं राहिलेलं सुंदरनारायण मंदिर! काळ्या फडक्याखालून बाहेर यावंसंच वाटेना. आईलाही बोलावून दाखवलं.