बुडालेले 5,28,000 रुपये आणि भाच्यावर काढलेला राग

दरमहा 4 टक्के परतावा देतो असे सांगणाऱ्या एका माणसाकडे, मिळालेले हप्ते वजा जाता, माझे 5,28,000 रुपये बुडाले आहेत. आमच्या अमळनेर-पारोळा पट्ट्यात कापसाचे पैसे हातात आले की अशी माणसे दारात येतात, म्हणून लाज बाजूला ठेवून हे लिहीत आहे.

अशा योजना कशा चालतात हे कुणाला नव्याने सांगायला नको. नव्याचे पैसे जुन्याला वाटायचे आणि नवे येईनासे झाले की फोन बंद करायचा. मलाही ते ठाऊक होते. माध्यमिक शाळेत मी गणित शिकवले आहे आणि दरमहा 4 टक्के म्हणजे चक्रवाढीने वर्षाला 60 टक्के होतात हे फळ्यावर मांडून दाखवले आहे. तेव्हा ‘सर, तुम्हाला इतका साधा हिशेब कळला नाही?’ असे विचारणाऱ्यांनी थोडे थांबावे. हिशेब कळत होता. पण समोरचा माणूस माझा विद्यार्थी होता. सखाराम महाराजांच्या यात्रेत, बोरी नदीच्या वाळवंटात, चारचौघांदेखत तो माझ्या पाया पडला होता आणि ‘सरांमुळे उभा राहिलो’ असे म्हणाला होता. निवृत्त शिक्षकाला हे वाक्य किती मोलाचे असते, हे मला हसणाऱ्यांना कळणार नाही.

ग्रॅच्युइटीतले 2,50,000 रुपये मी त्याला दिले. महिन्याला 10,000 रुपये खात्यात येऊ लागले. एकदा पासबुक भरून आणले, तेव्हा त्या महिन्याची रक्कम ज्या खात्यातून आली होती, त्यावर आमच्याच गल्लीतल्या एका विधवा बाईंचे नाव होते. त्या बाईंनी आदल्याच आठवड्यात त्याच्याकडे पैसे गुंतवले होते. म्हणजे त्यांचे पैसे त्याच्या धंद्यात न जाता सरळ माझ्या खात्यात आले होते. याहून ढळढळीत पुरावा कोणता हवा होता? पासबुक भाच्याने पाहिले आणि तो इतकेच म्हणाला, “मामा, हाऊ पैसा येस कोठून?” मी त्याच्यावर भडकलो. बँकेची काहीतरी गफलत असेल, आजकाल सगळे व्यवहार मोबाईलवरून होतात, तुला त्यातले काय कळते, असे मी त्याला सुनावले. त्यानंतर त्याच महिन्यात आणखी 4,00,000 रुपये भरले आणि बहिणीलाही तिच्या कापसाचे 1,50,000 रुपये द्यायला लावले.

या 4,00,000 रुपयांचा मी पुष्कळ विचार केला आहे. ते लोभापायी गेले असे लोक म्हणतात, पण ते खरे नाही. भाच्याचे म्हणणे खरे मानले असते, तर माझा विद्यार्थी चोर ठरला असता, मी केलेली शिफारस खोटी ठरली असती आणि आयुष्यभर माणसे घडवली या माझ्या समजुतीचे काय करायचे हा प्रश्न उभा राहिला असता. पैशांवरचा संशय एक वेळ सहन होतो. हा होत नाही. लिऑन फेस्टिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने शिकागोजवळच्या एका गटाचा अभ्यास केला होता. 21 डिसेंबर 1954 रोजी महापूर येऊन जग बुडणार, असे त्या गटाचे भाकीत होते आणि त्यापायी काहींनी नोकऱ्याही सोडल्या होत्या. पूर आला नाही. तेव्हा त्यांनी श्रद्धा सोडली नाही. आमच्या श्रद्धेमुळेच जग वाचले असे म्हणत, तोवर वर्तमानपत्रांना टाळणारी तीच माणसे स्वतःहून त्यांना फोन करू लागली. आमचे हप्ते थांबले तेव्हा आमच्यातही हेच घडले. ‘मोठा माल अडकला आहे, आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) सगळे मिळेल’ हा त्याचा निरोप गावभर पोहोचवण्यात गुंतवणूकदारच सर्वांत पुढे होते. (आणि हे खेडवळ माणसांचेच होते असे शहरातल्यांनी समजू नये. 1920 साली बॉस्टनमध्ये अशीच योजना चालवणाऱ्या पाँझीच्या दारात पैसे काढायला आलेल्या गर्दीतले काही जण त्याने वाटलेली कॉफी पिऊन, पैसे न काढताच घरी गेले होते.)

आता पोलिसांविषयी. ठाण्यात पहिले वाक्य कानावर पडले, “एवढे शिकलेले असून दिलेच कसे?” पुढे ‘हा दिवाणी मामला आहे, वकील करा’ असे सांगण्यात आले. त्याने आमच्याकडून 100 रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर हातउसनवारीचा मजकूर लिहून घेतला होता. तेवढाच कागद पाहून साहेबांनी प्रकरण संपवले. ठेवीदारांच्या संरक्षणाचा राज्याचा 1999 चा कायदा आहे, असे मी म्हणालो, तर तो कंपन्यांसाठी असतो असे उत्तर मिळाले. हे चूक आहे. त्या कायद्यात ठेवी स्वीकारणारी कोणतीही व्यक्ती वित्तीय संस्था या व्याख्येत येते, ठेव न फेडणाऱ्याला 6 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि त्याची मालमत्ता जप्त करता येते. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा 2019 चा कायदाही आहे. ठाण्यातून जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे, शाखेतून ‘रक्कम लहान आहे’ म्हणून पुन्हा ठाण्याकडे, आणि तिथे अर्जाची पोच मागितली की ‘विश्वास नाही का?’ हा प्रश्न. पतसंस्था बुडाल्यावर ठेवीदारांचे काय हाल होतात, हे उभ्या जळगाव जिल्ह्याने पाहिलेले असताना कायद्याची साधी व्याख्या ठाण्यात माहीत नसावी, याचा संताप त्या माणसावरच्या संतापाइतकाच आहे.

पासबुक दर महिन्याला भरून घ्या आणि पैसे कोणाच्या नावाने आले ते वाचा. ठेव देत असाल तर कागदावर ‘हातउसने’ लिहू देऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते, तीही नोंदवा. घरातला जो माणूस पैसा येतो कुठून असे विचारेल, त्याच्यावर राग आला तर त्याच रात्री कागद काढून पुन्हा पाहा.

सध्या त्या विद्यार्थ्याचा मेहुणा घरोघरी फिरून 30 टक्के रोख घ्या आणि तक्रार नाही असे प्रतिज्ञापत्र द्या, असे सांगत आहे. त्यावर सही करू नका. आमच्यापैकी बरेच जण आजही तक्रार अर्जावर सही करायला तयार नाहीत. तो रागावला तर आखाजीनंतरचे पैसे देणार नाही, अशी त्यांना भीती वाटते.